खबर कब की?

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या घरी पोळ्या लाटत होते. मामेभाऊ रडतच म्हणाला, "ताई, अप्पा गेले." आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघावा? "केव्हा?" ... फोन ठेवल्यावर लक्षात आलं, अगं बाई, हा तर मामांचाच प्रश्न! मग मात्र रडू आवरेना.

बऱ्हाणपूरच्या पलीकडे, जैनाबादला केळीची बाग करणारे माझे मामा आधी फौजेत हवालदार होते, टेहळणीच्या तुकडीत. घरात कुणी काहीही सांगितलं की ते आधी विचारायचे, "खबर कब की?" बऱ्हाणपुरात बुधवारा मोहल्ल्यात राहणाऱ्या मावशीला ताप आहे म्हटलं, तरी तेच. "आहे की होता? तू केव्हा पाहिलंस?" मामी कपाळावर हात मारून घ्यायची. आम्ही भाचरं त्यांची नक्कल करून घर डोक्यावर घ्यायचो.

त्या प्रश्नामागचं दुखणं त्यांनी मला एकदाच सांगितलं, बागेत पाणी धरताना. पहाडावर असताना समोरचा उतार रिकामा आहे, हे त्यांनीच दुर्बिणीतून पाहिलं होतं. भर दुपारी. खबर खाली पोचेतो संध्याकाळ झाली, आणि तिच्या भरवशावर तुकडी निघाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. मामांचा जिवलग दोस्त त्या तुकडीत होता. तो परत आला नाही. "खबर खरी होती गं," मामा म्हणाले, "पर बासी हो गई थी. केव्हा पाहिलं ते मी सांगितलंच नाही... आणि कुणी विचारलंही नाही." एवढं बोलून त्यांनी फावडं उचललं आणि पुढच्या वाफ्याकडे गेले.

पुढे कधीतरी मी विचारलं, "मग काय, ताजी खबर येईपर्यंत हातावर हात धरून बसायचं?"

"अरे नहीं, बेटा! बसलं की तीही बासी होते. किती जुनी आहे ते बघायचं आणि ठरवून टाकायचं."

ठरवून टाकण्यात मामा पक्के उतावळे. एका पावसाळ्यात वरच्या अंगाला फार पाऊस झाल्याचं कानावर आलं, तर त्यांनी काठावरच्या मजुरांची बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं घरी आणून ठेवली. तापी काही चढली नाही. अख्खी आळी हसली. मामाही पोट धरून हसले. "चलो, चुकलो! चहा टाका सगळ्यांना."

यंदा उन्हाळ्यात त्यांचा फोन आला, "ये. आत्ता ये." छातीत दुखायचं त्यांच्या, पण तपासणीत काही निघालं नव्हतं. फोनवर मागून मामेभाऊ समजावत होता, "अप्पा, डॉक्टर बोले ना, सब ठीक है! दिवाळीला सगळे येतीलच." मामा म्हणाले, "रिपोर्ट मागच्या महिन्याचा आहे." म्हाताऱ्याचं खूळ, असं म्हणत मी तणतणत बॅग भरली. पण काय सुंदर गेले ते दिवस! मामीने मांडे केले, बागेत खाट टाकून आम्ही पोटभर बोललो, भांडलोही. निघताना पाया पडले तर म्हणाले, "झालं आपलं बोलून. आता खबर कधीही येऊ दे." मी रागावले, "काहीतरीच काय बोलता!"

पावसाळा सरायच्या आत खबर आलीच. तापीच्या वेळेसारखे याही खेपेला मामा चुकायला हवे होते हो... मी जन्मभर सगळ्यांना चहा टाकला असता.

हल्ली मी रोज सकाळी मामीला फोन करते. "मामी, कशी आहेस?"

"बरी आहे व माय," ती म्हणते. "पण ही सकाळची खबर झाली. संध्याकाळी पुन्हा विचार."

मी संध्याकाळी पुन्हा विचारते.