चौथ्या वळणावर चूक कुणाची होती

ज्यांनी शंकरअण्णांना आंधळं ठरवलं, तेच कालपासून त्यांच्या फोटोखाली हात जोडतायत.

काल सकाळी अण्णा गेले. बेंगळुरूत, येलहंक्याला, घरीच. हार्ट अटॅक.

दुपारपर्यंत रेसिंगच्या ग्रुपवर फुलं, दिवे, 'लिजंड', 'वुई विल मिस यू सर'. तोंड वर करून.

ज्यांना अण्णा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ते कॉर्नर मार्शल होते. म्हणजे रेसमध्ये वळणावर झेंडे घेऊन दिवसभर उन्हात उभा असतो तो माणूस. दोन गाड्या धडकल्या की पहिला पोचणारा तोच, आणि चूक कुणाची हे पहिल्यांदा लिहून देणाराही तोच. पगार नाही. जेवणाचं पाकीट आणि टोपी.

मी पुण्याची, नोकरी व्हाइटफील्डला, आणि वीकेंडला रेसिंग. ट्रॅकवर माझ्याशी मराठी बोलणारे अण्णा एकटेच. त्यांच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या बेंगळुरूत गेलेल्या, त्यामुळे त्यांची कानडी मिसळलेली मराठी ऐकायला मजा यायची.

अण्णांचा एक नियम होता. धडक झाली की कुणाशीही बोलायच्या आधी वहीत लिहायचं.

एकदा मी मध्येच काहीतरी विचारायला गेले, तर म्हणाले, "स्वल्प थांब गं. आधी लिवतो. बोललं की बघितलेलं बदलतंय."

दोन वर्षांपूर्वी सीझनच्या शेवटच्या रेसमध्ये चौथ्या वळणावर मी आतल्या बाजूने एकवीस नंबरच्या शेजारी पोचले होते. माझं पुढचं चाक त्याच्या आरशाशी. अशा वेळी बाहेरच्याने एका गाडीची जागा सोडायची असते. त्याने सोडली नाही. मी तिथे नाहीच असं समजून तो सरळ आत वळला.

माझं चाक तुटलं, गाडी खडीत. कॅमेराही फुटला. एकवीसच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग म्हणे झालंच नव्हतं.

राहिली फक्त अण्णांची वही. त्यात आकृती काढून स्वच्छ लिहिलं होतं: चूक एकवीसची.

एकवीस नंबरचे वडील सीरिजचे स्पॉन्सर. आता पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

एसीत बसलेल्या कमिटीच्या तिघांनी निकाल दिला: रेसिंग इन्सिडेंट, दोष कुणाचाच नाही. मग अण्णांच्या रिपोर्टचं काय करायचं? त्यावरही तोडगा निघाला. 'मार्शलची दृष्टी कमजोर असल्याने रिपोर्ट ग्राह्य धरलेला नाही.'

चोर सोडून संन्याशाला फाशी.

त्या कागदावर दोन्ही ड्रायव्हरच्या सह्या लागतात.

कमिटीचे सेक्रेटरी मला म्हणाले, "मॅडम, साइन कर दीजिए, मॅटर क्लोज. नेक्स्ट सीझन सीट चाहिए ना?"

मी सही केली.

गेटवर अण्णा झेंडे गुंडाळत होते. त्यांना कळलं होतं.

"वाचून सही केलीस?"

"हो अण्णा."

"सरी," एवढंच कानडीत म्हणाले, म्हणजे ठीक आहे, आणि झेंडे पिशवीत भरायला लागले. चिडले असते तर बरं झालं असतं.

मला सीट मिळाली, म्हणजे पुढच्या सीझनला चालवायला गाडी. अण्णांना बोलावणं आलं नाही. पुढच्या सीझनला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही.

काल त्यांच्या घरी गेले तेव्हा अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, एक फाइल दाखवली. अण्णांनी डोळे तपासून सर्टिफिकेट घेतलं होतं. नजर उत्तम, लांबचं स्पष्ट दिसतं. त्याची कॉपी कमिटीला तीनदा पाठवली. एकदाही उत्तर नाही.

"रेस असली की त्या आठवड्यात फोन उशाशी घेऊन झोपायचे," अक्का म्हणाल्या. "झेंडे धुऊन इस्त्री करून ठिवलेत बघ."

माझा फोनही त्यांना गेला नाही. लाज वाटायची म्हणून मी टाळत राहिले. ट्रॅकवर नवीन मार्शल दिसला की मान खाली घालून हेल्मेट चढवायचे.

आणि आता ग्रुपवर सेक्रेटरी लिहितायत, 'अण्णांची नजर घारीसारखी होती.' हे वाचून माझं डोकं फिरलं. मेल्यावर माणसाला दिसायला लागतं का हो?

म्हणून ही पोस्ट. पब्लिक ठेवली आहे, स्क्रीनशॉट खुशाल काढा.

चौथ्या वळणावर चूक एकवीस नंबरची होती. अण्णांनी ती पंचवीस पावलांवरून पाहिली आणि जशी पाहिली तशी लिहिली. त्यांची दृष्टी कमजोर नव्हती, आणि हे मला सही करताना माहीत होतं. कमिटीने खोटं लिहिलं आणि मी ते खरं आहे म्हणून सही दिली. कमिटीलाही हेच मेल केलंय. सीट जाईल, जाऊ दे.

अण्णा, हे तुम्ही असताना लिहायचं धाडस माझ्यात नव्हतं. तुम्ही दोन वर्षं फोनची वाट बघत होतात आणि मी गाडी चालवत होते.

माफ करा म्हणायलाही तोंड नाही. या, अण्णा.