सगळ्यात वरचं टिंब

मारीकेने मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर पडद्यावरचा राखी बगळा पुसला. बगळ्याचं टिंब गेलं, पण त्याच्याकडे जाणाऱ्या रेषा तशाच लोंबकळत राहिल्या.

वाखनिंगन या डच गावात मी संशोधकांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. हे टूल अन्नजाळ्याचं. अन्नजाळं म्हणजे कोण कोणाला खातं याचा नकाशा. प्रत्येक जीव एक टिंब आणि त्याच्या खाणाऱ्याकडे जाणारी रेषा. एखादा जीव नाहीसा झाला तर काय होईल, हे बघायला रिमूव्ह बटण. मारीके प्रोजेक्टची प्रमुख. तिचा डेटा इथल्या कुरणांमधल्या पाण्याच्या चरांचा.

"हे तू टेस्ट केलं नव्हतंस?" तिने थेट विचारलं. डच माणसं आडपडदा ठेवत नाहीत.

"केलं होतं. सगळ्यात वरचं टिंब सोडून."

"ते का सोडलंस?"

मी वहीत 'सगळ्यात वरचं टिंब' एवढंच लिहून घेतलं.

"शुक्रवारपर्यंत दुरुस्त कर. नाहीतर आपण दुसरं टूल घेऊ," ती म्हणाली. माझं वर्षभराचं काम पाण्यात जाणार होतं.

टेस्टसाठी लुटुपुटीचा डेटा लागतो. मी आमच्या गावच्या खाडीचा घेतला होता. शेवाळ, कोलंबी, निवट्या, कुर्ल्या, आणि सगळ्यांच्या वर बाबा. ओहोटीला टोपली घेऊन ते चिखलात उतरायचे. कोण काय खातं, हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं. "कुर्ली काय खाते ते विचारू नकोस, काय खात नाही ते विचार," म्हणाले होते. टूल पुरं व्हायच्या आत ते गेले. मी तेव्हा विमानात होते.

बाकीची टिंबं मी वीस वीस वेळा पुसली, त्यांचं एकदाही नाही. सकाळी फाइल उघडली की ते वर दिसायचे. खरं सांगायचं तर कित्येकदा मी तेवढ्यासाठीच फाइल उघडायचे. अजून किती विचारायचं राहिलं होतं.

जागेवर येऊन मी बाबांच्या टिंबावर क्लिक केलं. बराच वेळ नुसती बघत बसले. मग रिमूव्ह दाबलं. टिंब गेलं, रेषा लोंबकळल्या. चूक दहा मिनिटांत सापडली. ज्याला खाणारं कोणी नाही, त्याच्यापाशी माझा कोड मध्येच थांबत होता. दुरुस्त करून पुन्हा दाबलं. या वेळी रेषाही गेल्या. निवट्या, कुर्ल्या जागच्या जागी होत्या, वर कोणी नव्हतं.

शुक्रवारी मारीकेने पुन्हा बगळा पुसला आणि म्हणाली, "ठीक. हेच ठेवू."

जिथे हात लावायला मन धजत नाही, टेस्ट तिथूनच सुरू करावी, एवढं शिकले. त्या दिवशी घरी निघण्याआधी मी खाडीच्या फाइलमध्ये पुसलेलं परत आणणारं अनडू दाबलं. ते बटण पहिल्यापासून नीट चालतं.