चांदीच्या पट्टीवरचं नाव

शहाडच्या कॅप्टन दौलत शिगवणांच्या घरात खंडेनवमीला कामं वाटलेली असत. रिव्हॉल्व्हरला तेल देणं कॅप्टनांचं आणि मुठीवरची चांदीची पट्टी घासणं त्यांच्या पत्नीचं, शालनताईंचं. पट्टीला त्या रांगोळी वापरत, देवाच्या निरांजनाला वापरत तीच. मग झेंडूचं फूल वाहायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि कॅप्टन पट्टी उजेडात धरून म्हणायचे, "पास."

रिव्हॉल्व्हर मूळचं त्यांच्या वडिलांचं. सुभेदार जगन शिगवण दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. इंग्रज कर्नल मायदेशी जाताना स्वतःच्या कमरेचं, तेव्हाच जुनं झालेलं हे रिव्हॉल्व्हर त्यांना देऊन गेला. पट्टीवर सुभेदारांचं नाव पलटणीच्या लोहाराने ठोकलं होतं. दौलतराव अठराव्या वर्षी त्याच पलटणीत शिपाई म्हणून भरती झाले, दोन लढाया पाहिल्या आणि निवृत्तीच्या वेळी मानद कॅप्टन झाले. त्यानंतर मोहन्याच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी. तिथे गेटवरच्या माणसांचे बूटसुद्धा ते रोज तपासत. घरात गोळी त्यांनी कधी ठेवली नाही. तरी निवडणूक आली की रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा करायला स्वतः जात, इस्त्रीचा शर्ट घालून.

आता वय पंच्याऐंशीच्या पुढे गेलं होतं आणि हात थरथरत होते. डोंबिवलीच्या लेकीने, योगिनीने, स्पष्टच सांगितलं, "बाबा, माझ्या घरात लहान मुलं आहेत. मला ते परवाना-बिरवाना नको." म्हणजे कॅप्टनांच्या मागे रिव्हॉल्व्हर सरकारी गोदामात धूळ खात पडणार. त्यांना ते सोसवेना. त्यांनी पलटणीच्या संग्रहालयाला कळवलं आणि परवानगीची सगळी कागदपत्रं पुरी केली. वडिलांचं नाव तिथल्या काचेमागे लागावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

संग्रहालयाकडून मेजर ऋजुता आल्या. कॅप्टन ताठ उभे राहिले.

"बसा हो साहेब, तुम्ही मला उभं राहून लाजवताय."

"मॅडम, गुडघे वाकायला वेळ घेतात. तोवर सलाम समजा."

शालनताईंनी चहा आणि नाचणीचे लाडू ठेवले. ऋजुतांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, भिंग काढलं आणि पट्टीवरून दोनदा फिरवलं.

"साहेब, नाव कुठे आहे?"

"पट्टीवर. इंग्रजीत."

"पट्टी कोरी आहे."

कॅप्टनांनी चष्मा बदलला, खिडकीशी गेले. पट्टी आरशासारखी लखलखत होती. अक्षर एकही नव्हतं.

शालनताईंना एकदम उमगलं. लग्नानंतरची पहिली वर्षं रांगोळी अक्षरांत अडकून बसायची, टाचणीने काढावी लागायची. पुढे अडकेनाशी झाली. त्यांना वाटलं होतं, आपला हात बसला.

"मीच घासून घालवलं," त्या म्हणाल्या.

ऋजुता अवघडल्या. "काकू, तसं नाही... पण नावाशिवाय कठीण आहे. अशी जुनी रिव्हॉल्व्हरं आमच्याकडे बरीच येतात. ती आत कपाटात राहतात."

"नवीन नाव कोरून घेऊ?" शालनताईंनी विचारलं.

"ते खोटं होईल," कॅप्टन म्हणाले. मग खुर्चीत बसले. शालनताई पदर बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

"अगं, तू कशाला तोंड पाडतेस?" ते शेवटी म्हणाले. "दर वर्षी तपासून पास कोण करत होतं? मोतीबिंदू घेऊन!"

त्या हसल्या नाहीत. स्वयंपाकघरात गेल्या आणि एक पातळ पितळी वाटी घेऊन आल्या. त्यांच्या आईने लग्नात दिलेली, बाहेरून नाव घातलेली. वर्षानुवर्षं चिंचेने घासून बाहेरचं नाव पुसट झालं होतं. त्यांनी वाटीच्या आतून बोट फिरवलं.

"बाहेरून गेलंय, पण आतून अजून लागतं बघा. ठोकलेलं नाव पलीकडे उमटतं. या पट्टीला पलीकडची बाजू आहे ना?"

ऋजुतांनी कॅप्टनांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली आणि चष्म्याचा छोटा पेचकस पुढे केला. त्यांच्या हातून ते होणार नव्हतं. पट्टीचे दोन्ही स्क्रू ऋजुतांनीच काढले. पट्टीची मागची बाजू काळी पडली होती. तिच्यावर बारीक फुगीर अक्षरं होती, उलटी.

शालनताईंनी कॅप्टनांचा दाढीचा आरसा आणला. कॅप्टनांनी एकेक अक्षर लावून वाचलं, "सुभेदार जगन शिगवण. कर्नलकडून, मैत्रीने." मग सगळं पुन्हा एकदा वाचलं.

"काचेत पट्टी उलटी ठेवू, समोर आरसा लावू," ऋजुता म्हणाल्या. पावतीवर सही झाली, रिव्हॉल्व्हर पेटीत गेलं. कॅप्टन पुन्हा उभे राहिले आणि या वेळी खरंच सलाम केला. पेटीला की मेजरना, ते कळलं नाही.

जिना उतरणाऱ्या ऋजुतांना शालनताईंनी वरून हाक मारली, "अहो मॅडम, तिकडे सांगा हं, कुणी घासू नका म्हणावं!"