आत्याचा हात आणि धाकटीचा कॅन

दूध संकलन केंद्रावर सगळे तिला आत्या म्हणत. तिच्या भावाला मूलबाळ नव्हतं, तेव्हा ही नेमकी कोणाची आत्या, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. आलेलं दूध गार आहे की नाही, हे ती उजव्या तळहाताने ठरवायची. कॅनच्या पोटाला हात, दोन श्वास आणि निकाल: "घ्या" किंवा "न्या परत." कोमट दूध टाकीत गेलं की सगळी टाकी नासते, त्यामुळे हुज्जत घालायची कोणाची छाती नव्हती. सव्वीस वर्षं तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. थर्मामीटर कपाटात होता आणि कपाटाची किल्ली हरवली होती.

दोन वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या बहिणीची कंबर धरली. स्टीलचा कॅन उचलवेना, म्हणून तिने हलका प्लॅस्टिकचा घेतला. त्या दिवसापासून तिचं दूध आत्याच्या हाताला कोमट लागायला लागलं.

"अगं, रात्रभर हौदात बुडवून ठेवलेलं असतं!"

"मग हौदालाच सांग ते."

बहिणीला सूट दिली असं कोणी म्हणू नये म्हणून आत्या त्या कॅनवर हात जरा जास्तच वेळ दाबून धरायची, आणि मग तर तो आणखीच कोमट लागायचा. धाकटीने आधी बोलणं टाकलं, मग येणं. आता तिने गाय विकायला काढल्याचं कानावर आलं होतं. गिऱ्हाईक रविवारी येणार होतं.

शुक्रवारी तपासनीस बाई आल्या, स्वतःचा थर्मामीटर घेऊन.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" आत्या म्हणाली.

बाईंनी वाद घातला नाही. टाकीतलंच दूध एका स्टीलच्या आणि एका प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून तासभर शीतगृहात ठेवलं. मग म्हणाल्या, "लावा हात."

"हे गार. हे कोमट, न्या परत."

थर्मामीटर दोन्हीकडे सहावर थांबला. आत्याने तो पुसून पुन्हा बुडवला. सहा म्हणजे सहाच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"दूध सारखंच आहे, आत्या," बाई म्हणाल्या. "स्टील तुमच्या हाताची ऊब भराभर ओढून घेतं, म्हणून गार लागतं. प्लॅस्टिकला ते जमत नाही. ऊब हातापाशीच राहते. तुम्ही दूध नाही, आपलाच हात मोजत होता."

आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षांत परत पाठवलेला धाकटीचा एकेक कॅन तिला आठवला. त्यातला एकही कोमट नव्हता.

शनिवारी सकाळी बाईंचा थर्मामीटर मागून घेऊन ती धाकटीच्या दारात उभी राहिली. धाकटीने तिला आत घेतलं नाही. प्लॅस्टिकचा कॅन तेवढा उचलून उंबऱ्यावर आणून आदळला.

"लाव हात. काढ आणखी खोट."

आत्याने दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि थर्मामीटर पुढे केला. "तूच बघ. माझं चुकलं गं. गाय विकू नकोस."

धाकटीने थर्मामीटर बुडवला, वाचला, पुन्हा वाचला. मग तिने आत्याचा उजवा हात पदरातून ओढून आपल्या हातात धरला.

"केवढा गार पडलाय," ती म्हणाली.

"हाताने कळत नाही ते," आत्या म्हणाली. पण हात तिने सोडवून घेतला नाही.