दादांनी बांधलेली न्हाणी

माझ्या सासूबाई मनानं वाईट नव्हत्या, पण तोंडानं भलत्या फटकळ. मीही काही कमी नव्हते, म्हणून आमचं बरं जमायचं. मला सातवा महिना लागला तेव्हा दादा न्यायला आले. दादा म्हणजे माझे वडील. त्यांच्या हातात चहाची बशी असतानाच सासूबाईंनी विचारलं, तुमच्याकडं टँकर आला तर आला, नाहीतर नाही, मग बाळंतिणीला न्हाऊ कशानं घालणार? तेलगावच्या बाजूला माझं सासर. तिकडं उसाचा पट्टा, विहिरीला अजून पाणी टिकून होतं, घरात नळ होता, फरशी बसवलेली बाथरूम होती. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच मला जास्त झोंबलं.

दादांनी बशी खाली ठेवली.

"पहिलं बाळंतपण म्हायेरीच व्हतं, विहीणबाई. न्हाणी बांधायला काढलीय मी."

सासूबाईंनी मला जाऊ दिलं, पण एका बोलीवर. बाळाला बघायला त्या स्वतः जीपनं येणार, आणि पाण्याची ओढाताण दिसली तर मायलेकरांना त्याच जीपमध्ये घालून परत आणणार. दादांनी मान हलवली. एसटीत मात्र सगळ्या वाटेनं खिडकीबाहेर बघत बसले. घरी पोचल्यावर मला त्याचं कारण कळलं. न्हाणी नव्हती, न्हाणीचा पायाही नव्हता. बांधायचं त्यांनी तिथंच, चहा पिता पिता ठरवलं होतं!

आमचं गाव चौसाळ्याच्या अलीकडं. घरामागं तुरीच्या वाळल्या तुऱ्हाट्यांचा आडोसा होता आणि आडोशात एक बाज. बाजेवर बसायचं, तांब्या तांब्यानं अंगावर पाणी घ्यायचं, आणि ते खालच्या घमेल्यात झेलायचं. साबण लावला नसेल तर ते पाणी म्हशीला, लावला असेल तर भांड्यांना, आणि उरलंसुरलं दारातल्या लिंबाच्या बुडाला. म्हैस चारा छावणीला गेली तरी घमेलं काही बाजेखालून हललं नाही. आमच्या घरात पाण्याचा थेंब घराबाहेर जात नव्हता, आणि त्याचं कुणाला नवलही राहिलं नव्हतं.

दादा गावच्या दूध सोसायटीत दूध मोजून घ्यायचे. गावातली जनावरं छावणीला गेली आणि सोसायटीला कुलूप लागलं. गवंडी होते ते सगळे पुण्याकडं कामाला गेले होते. दादांनी उभ्या जन्मात खुंटीसुद्धा सरळ ठोकली नव्हती. पण माय काही बोलायला गेली की म्हणायचे, दगडावर दगड ठिवायचा, त्यात काय लई अवघड हाय? मग माय तोंडाला पदर लावून चुलीकडं जायची.

पडक्या गोठ्याचे दगड त्यांनी एकट्यानं ओढून आणले. ओळंबा म्हणून सुतळीला सोसायटीतलं एक वजन लटकवलं. ते वजन वाऱ्यानं हलायचं आणि त्याच्या मागं दादांची भिंतही हलायची. भिंत कमरेच्या वर आली तेव्हा तिचा फुगा चांगलाच दिसायला लागला. मी म्हणाले, दादा, हिलाही सातवा लागलाय का? ते हसले, दोन पावलं मागं सरून बघितलं आणि म्हणाले, पडायची न्हाई ती.

खरी अडचण पुढंच होती. आतून सिमेंटचा गिलावा केला, खाली कोबा घातला, आणि त्यावर पाणी मारायची वेळ आली. ओला ठेवला नाही तर गिलावा तडकतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण प्यायचं पाणी भिंतीला घालायचं म्हणजे काय! माय तांदळाचं धुवण देई, मी माझ्या आंघोळीचं घमेलं देई, दादा भिंतींवर टांगलेली पोती त्यात बुचकळत. दुपारपर्यंत पोती वाळून खडखडीत. दादांनी ह्याबद्दल कुणापुढं अवाक्षर काढलं नाही, स्वभावच तसा. पण दूध घालायच्या वेळेला सभासद अजूनही सवयीनं सोसायटीच्या पायरीवर जमायचे, आणि गावात काय लपतंय?

एका संध्याकाळी शेजारचे म्हातारे काका दुधाची किटली घेऊन दारात उभे राहिले. किटलीत भांडी विसळलेलं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागं आणखी माणसं, बायका, हातात किटल्या, आणि चक्क रांग. दादा एकेकाची किटली घेत, आत डोकावत, आणि नाकाशी नेऊन वास घेत, दूध नासलं की काय ते बघायला घेत तसा. मग त्यांच्या ध्यानात येई आणि ते गुपचूप पोत्यावर ओतत. मी पोट धरून हसले. आणि हसता हसता मला इतकं रडू आलं की माय धावत आली, तिला वाटलं कळा सुरू झाल्या.

बीडच्या सरकारी दवाखान्यात मला मुलगी झाली. घरी आलो त्याच दिवशी सासूबाईंचा निरोप आला, उद्या सकाळी येते. टँकरचा पत्ता नव्हता. दादांचा चेहरा पडला. ते रांजणात डोकावत आणि परत बाहेर येऊन रस्त्याकडं बघत. सकाळी उठून बघते तर दारात सोसायटीचा दुधाचा कॅन गळ्यापर्यंत भरलेला, चांगल्या पाण्यानं. ह्या खेपेला किटल्या कधी आल्या आणि कधी गेल्या, आम्हाला कळलंही नाही.

मायनं पाणी तापवलं. नव्या न्हाणीत पाटावर मला बसवलं आणि हात आखडता न घेता डोक्यावरून ओतायला लागली. कढत पाणी पाठीवरून उतरलं तसं मला वाटलं, आपण माहेरी आलो ते आत्ता. तेवढ्यात बाहेर जीप थांबली. सासूबाईंचा आवाज आला, आणि इकडं माझा पाट हलायला लागला. खाली बघते तर पाणी घोट्याला लागलेलं. माय तांब्या हातात धरून चारी कोपरे चाचपायला लागली.

"आवो, पाणी जायला वाट कुठं ठिवलीय तुमी?"

सासूबाई दार लोटून आत आल्या आणि पाण्याकडं बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, झालं, आता जीपच. दाराआडून दादांचा आवाज आला, अगदी बारीक.

"घरातून पाणी वाहून गेलेलं लई दिवसांत बघितलंच न्हाई, विहीणबाई. त्याला वाट लागती, हे ध्यानातच आलं न्हाई."

सासूबाईंनी पदर कमरेला खोचला, मायच्या हातातला तांब्या घेतला आणि वाकून पाणी बादलीत भरायला लागल्या. एक बादली, दुसरी बादली. ह्यात लेकराची फडकी धुवून होतील, एवढंच म्हणाल्या. दुपारी नातीला मांडीवर घेऊन जेवल्या आणि एकट्याच जीपमध्ये बसल्या. सव्वा महिना झाला की न्यायला येते, असं दादांना सांगून गेल्या. दादा हो म्हणाले आणि घरामागं जाऊन बराच वेळ आलेच नाहीत.

सव्वा महिना माय मला तशीच न्हाऊ घालत राहिली, कधी टँकरच्या तर कधी किटल्यांच्या पाण्यानं, आणि रोज ते पाणी भरून काढत राहिली. पाऊस काही आला नव्हता. निघायच्या दिवशी माय माझी ओटी भरत होती, आणि मागून ठक ठक आवाज. जाऊन बघते तर दादा छिन्नी-हातोडा घेऊन न्हाणीच्या भिंतीला खाली भोक पाडत बसलेले. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मी आता निघाले आणि आता काहून भोक पाडता?

त्यांनी मान वर केली नाही. फुंकर मारून भोकातली माती उडवली.

"पुढच्या खेपेला येशील तवा, बाई, चांगलं पाणी सांडून आंघोळ कर."