काळ्या दरवाज्याचा सातवा वाटा

पत्त्यावर बंदी आल्याची बातमी फोनवर आली, त्या रविवारी आमच्या टेबलावर अशी सुतकी कळा पसरली की खालचा मेडिकलवाला वर डोकावून म्हणाला, "कोण गेलं?" वकीलसाहेबांनी नुसती मान हलवली. अणदूरच्या खतवाल्याने, ज्याच्या घरात कानडी आणि दुकानात मराठी चालते, मोबाइल पालथा ठेवला आणि "मुगीतु" म्हणाला, म्हणजे संपलं. बेंबळीच्या विमा एजंटाने मेडिकलवाल्याला समजावलं, "माणूस न्हाय ओ, पत्ता गेला. आमचा काळा दरवाजा." मेडिकलवाला आमच्या तोंडांकडे बघत बघत जिना उतरला. मी मात्र टपरीवर फोन करून सगळ्यांना चहा सांगितला आणि वर खारी सांगितली. एरवी मी या मंडळींना पाणीसुद्धा विचारत नाही.

जागा माझी आहे. धाराशिवला कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. आठवडाभर तिथं टायपिंग चालतं आणि रविवारी दुपारी आम्ही सात जण पत्ते खेळतो. रमी, तीनपत्ती नव्हे. हे चित्रांचे पत्ते असतात. प्रत्येकावर एखादा योद्धा, राक्षस नाहीतर मंत्र, आणि खाली त्याने काय करायचं ते लिहिलेलं. ढिगाने पत्ते निघतात, त्यांतून हवे ते निवडून प्रत्येकाने स्वतःचा डेक बांधायचा आणि दुसऱ्याच्या डेकशी भिडायचं. एकच पत्ता डेकमध्ये फार तर चारदा घालता येतो. कुठला पत्ता चालेल आणि कुठला नाही, हे खेळ काढणारी कंपनी ठरवते. बुद्धीचा खेळ आहे असं म्हणतात. आमच्याकडे येता येता बुद्धी बहुतेक येडशीलाच उतरत असावी.

काळा दरवाजा हा पत्ता असा होता की तो टाकला की आपल्या मेलेल्या पत्त्यांच्या ढिगातला सगळ्यात दांडगा राक्षस फुकटात परत मैदानात उभा राहायचा. म्हणजे आधी आपलाच राक्षस मुद्दाम मारून घ्यायचा, मग दरवाजा उघडायचा, की समोरच्याने हात वर करायचे. याला डोकं लागत नाही. याला दरवाजे लागतात, आणि ते भलतेच महाग होते. म्हणून आमच्या टेबलावरच्या सहा पुरुषांनी वर्गणी काढून चार दरवाज्यांचा एक संच घेतला, सामाईक. आणि सामाईक म्हटलं की आमच्या भागातल्या माणसाला विहिरीशिवाय दुसरं काही सुचत नाही. भावाभावांत पाण्याची बारी असते, तशी त्यांनी दरवाज्याची बारी लावली. एका रविवारी वकिलांची, दुसऱ्या रविवारी खतवाल्याची, मग एजंटाची, मग बाकीच्या तिघांची. ज्याची बारी, त्याने ते चार पत्ते आपल्या डेकमध्ये घालून फळ्याखालच्या खुर्चीवर बसायचं, आणि बाकीच्यांनी एकेक करून त्याच्यासमोर हरायला जायचं. हरणाऱ्यालाही दुःख नसायचं, कारण पुढं त्याचीही बारी होतीच. सहा डेक, सहाही एकाच साच्यातले, आणि सहाही बारी येईपर्यंत निकामी. स्वतःच्या पैशाने असा मूर्खपणा करणारी माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

मी सातवी. वर्गणीच्या दिवशी मीही पर्स उघडली होती. वकील म्हणाले, "तुमाला कशाला ताई? तुमी तर हौसेनं खेळता." खतवाला म्हणाला, "सहात बारी नीट बसती. सातात लई गोंधळ व्हतो." सातात कसला गोंधळ होतो ते मला कळलं नाही. आठवड्याचे वार सातच असतात आणि सोमवारी मंगळवार आल्याचं कुणी ऐकलेलं नाही. पण टेबल माझं, खुर्च्या माझ्या, डोक्यावर फिरणारा पंखा माझा, आणि वाटा तेवढा नाही.

हे रविवारपुरतं असतं तर मी कानाआड केलं असतं. पण दर उन्हाळ्यात सोलापूरला मोठी स्पर्धा भरते आणि आसपासच्या प्रत्येक गावच्या टेबलाला तिथं एकच जागा मिळते. ती जागा मला हवी होती. बक्षिसासाठी नाही. मी कुणाची ताई आहे, कुणाची मुलगी आहे, अजून लग्न का केलं नाही, यातलं काहीही माहीत नसलेल्या माणसासमोर मला एकदा बसायचं होतं आणि त्याने फक्त माझा डाव बघावा एवढंच माझ्या मनात होतं. पण आमची जागा खेळून ठरत नव्हती. तीही बारीनेच ठरायची. स्पर्धेच्या आठवड्यात दरवाजा ज्याच्याकडे, तो सोलापूरला. एका वर्षी वकील गेले, पहिल्याच फेरीत हरले आणि येताना तुळजापूरला दर्शन घेऊन आले. पुढच्या वर्षी खतवाला गेला, तोही पहिल्याच फेरीत हरला आणि चादरी घेऊन आला. सोलापुरात दरवाजा प्रत्येकाकडेच असतो, तिथं तो उघडायच्या आधी दोन गोष्टींचा विचार करावा लागतो, हे या दोघांना तिथं बसल्यावर कळलं म्हणे.

मग मी हट्टाला पेटले. दरवाजा मिळत नाही ना, तर दरवाजा मोडणारा डेक बांधायचा. कुलूप नावाचा एक फालतू पत्ता होता, दरवाजा उघडायच्या आत तो अडवायचा आणि एरवी कशाच्याच कामाला यायचा नाही. राखणदार नावाचा दुसरा होता, तो मेलेल्यांचा ढीगच उचलून न्यायचा. हे पत्ते कुणाला नको होते. मंडळींनी ते खोक्यात फेकलेले असत, मी ते उचलून उचलून डेक भरला. एजंट त्याला भंगार म्हणायचा. त्या भंगाराने मी दर रविवारी फळ्याखालच्या खुर्चीवरच्या माणसाला लोळवत होते. बारी कुणाचीही असो. राक्षस मरायचा, दरवाजा निघायचा, मी कुलूप टाकायची, आणि समोरचा माणूस लाइट गेल्यासारखा बसायचा. "तुमाला पत्ते चांगले पडतात ताई," असं वकील प्रत्येक वेळी सांगायचे. वर्षभर एका बाईला नुसते पत्तेच चांगले पडतात, असा युक्तिवाद करणारा माणूस पोटापुरतं कमावतो कसा, याचं मला कोडं होतं.

तर त्या बंदीच्या रविवारी मला आनंद का झाला, हे आता सांगायला नको. दरवाजा गेला म्हणजे बारी गेली, आणि बारी गेली म्हणजे सोलापूरची जागा खेळूनच ठरणार. माझ्या डेकमधला एकही पत्ता बंदीत नव्हता. चहा संपेपर्यंत सहा जण वाटणीवर आले होते. चार पत्ते, सहा वाटेकरी, कोण कुठला घेणार? पत्त्याची किंमत बातमीबरोबरच मातीमोल झाली होती, पण त्याने काय होतं? कोर्टामागे दुकान थाटल्यापासून आटलेल्या विहिरीवरून डोकी फोडणारे भाऊ मी ढिगाने पाहिलेत. शेवटी वाटणी करू नये, संच माझ्या कपाटात राहावा, असं ठरलं. मग मी विचारलं, "आता सोलापूरची जागा कशी ठरवायची?" शेवटी खतवाला नाइलाजाने म्हणाला, "खेळूनच ठरवा मंग."

बंदीनंतर माणसं आपल्या डेकचं काय करतात, हा बघण्यासारखा तमाशा असतो. तिघांनी खेळच सोडला, म्हणजे खेळात त्यांचं काय होतं ते कळलं. वकिलांनी दरवाज्याच्या जागी खिडकी नावाचा पत्ता घातला. खिडकीतून राक्षस येत नाही, एखादं पिल्लू येतं, तेही पैसे मोजून. पण वकील सांगत सुटले, "एकच हाय ओ, थोडा फरक हाय." दुसऱ्या पक्षकाराला पहिल्याच पक्षकाराचा अर्ज नाव खोडून देणारे हे गृहस्थ, त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच. राखणदाराने ढीग उचलला आणि त्यांची खिडकी रिकाम्या आकाशावर उघडी राहिली. खतवाल्याची गोष्ट याहून मजेची. त्याने दरवाजे काढले, पण हाताची सवय काढली नाही. बसला की पहिल्या झटक्यात स्वतःचा राक्षस मारायचा, आणि मग आठवायचं की परत आणायला काही नाही. मला काही करावंच लागलं नाही, मी नुसती बघत बसले. दोघे हरले. मी मनातल्या मनात सोलापूरची एसटी धरली. कुठली साडी नेसायची तेही ठरवलं.

राहिला एजंट. हा माणूस पत्त्यावर काय लिहिलंय ते कधीच वाचत नाही, समोरच्याला वाचून दाखवायला सांगतो. पॉलिसीचे कागदही तो असेच विकत असणार. त्याने दरवाज्यांच्या जागी मेंढरं घातली होती. साधं मेंढरू, ताकद नाही, मंत्र नाही, फक्त एक टाकलं की दुसरं सोबत येतं. मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणे, "घरी हायेत ना आमच्या. चित्र चांगलं वाटलं." मला हसू आवरेना.

डाव वाटला. माझ्या हातात कुलूप, कुलूप, राखणदार, राखणदार. समोर दोन मेंढरं आली. मी एक पत्ता उचलला, कुलूप. चार मेंढरं झाली. मेंढरं मरत नव्हती, त्यामुळे त्यांचा ढीग होत नव्हता, त्यामुळे राखणदाराला उचलायला काही नव्हतं. दरवाजा येणारच नव्हता, त्यामुळे कुलपं कुठे लावायची हा प्रश्न होता. एजंट म्हणाला, "खेळा की ताई. काय धरून बसलाव?" काय धरून बसले होते ते मला तेव्हा दिसलं. चोर मरून गेला होता आणि मी दारात कुत्र्यांची फौज पाळून बसले होते. सगळी मेंढरं अंगावर आली तेव्हा एजंटाने वकिलांना विचारलं, "मी जिकलो का?" दुसरा डावही तसाच गेला, फक्त लवकर गेला.

वर्षभर मी या सहा जणांना हसत होते की यांचे डेक एका पत्त्यावर उभे आहेत. माझाही त्याच पत्त्यावर उभा होता, पलीकडच्या बाजूने. त्यांचा निदान स्वतःचा पत्ता होता. माझ्याकडे त्यांच्या पत्त्याचा राग तेवढा होता, आणि रागाने मेंढरं अडत नाहीत. सोलापूरची जागा एजंटाला गेली. मला रडू आलं, ते मी मागच्या बाजूला जाऊन इन्व्हर्टर बघायच्या निमित्ताने उरकलं.

पुढच्या रविवारी वकील नवी टूम घेऊन आले. "कंपनी बसली सातासमुद्रापल्याड. तिचा हुकूम सोलापुरात चालू द्या. आपल्या टेबलाला तिचा काय संबंध? आपल्याकडं दरवाजा चालू ठिवू." खतवाल्याचा चेहरा पाऊस पडल्यासारखा खुलला. खेळ सोडलेले तिघंही निरोप गेल्याबरोबर हजर झाले. मग सगळे माझ्याकडे वळले. "जागा तुमची हाय ताई, तुमी बोला."

अख्ख्या जगात निकाल लागलेला पत्ता धाराशिवच्या एका गल्लीत जिवंत ठेवायचा, म्हणजे सोलापूरला जाणारा प्रत्येक माणूस जन्मभर हरत राहणार. हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी त्यांच्या तोंडावर हसायला हवं होतं. माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

वकील इतके खूश झाले की म्हणाले, "मंग ताईंचाबी वाटा धरू आता. सातवा." आणि खतवाला, हाच खतवाला, मान डोलवत म्हणाला, "सातात बारी लई नीट बसती. आठवड्याच्या वारावानी."

एजंट सोलापूरला गेला त्या रविवारी बारी माझी होती. कपाट उघडून मी ते चार पत्ते पहिल्यांदा हातात घेतले. कडा हाताळून मऊ झाल्या होत्या. ते डेकमध्ये घातले, फळ्याखालच्या खुर्चीवर बसले, राक्षस मारला आणि दरवाजा उघडला. वकिलांनी हात वर केले, मग खतवाल्याने, मग बाकीच्यांनी. कुलपं टेबलावर कुणाकडेच नव्हती, ती सगळी माझ्या खोक्यात पडून होती. पत्ता फार चांगला होता. मला त्याचा राग कधी नव्हताच, मला तो हवा होता.

चारच्या सुमाराला एजंटाचा फोन आला. "पयल्याच फेरीत गेलो ताई. चादर आणू का?" मी आणा म्हटलं. त्याने विचारलं, "तिकडं कोण जिकलं?"

"मी," असं सांगताना मी मनापासून खूश होते, आणि ते आठवलं की अजून मला माझी शिसारी येते.