सबनीसांचा खराखुरा शर्ट

मस्कतच्या अल् घुब्रा भागात आमच्या वरच्या मजल्यावर रामकृष्ण सबनीस राहतात. पोटासाठी जवळच्या गाला वस्तीतल्या एका कंपनीत एसीच्या डक्टची तपासणी करतात आणि हौसेसाठी नव्वद वर्षांपूर्वीचे जर्मन गणवेश जमवतात. तेही सैन्याचे नव्हेत. हिटलरच्या पक्षाची जी खासगी फौज रस्त्यात लोकांना बडवत फिरायची, तिचे. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. आमचे सबनीस गुंडांचे कपडे जमवतात.

त्यांना इतिहासात रस आहे असा गैरसमज नको. त्या गुंडाने कुणाचं दुकान फोडलं, असं मी एकदा विचारलं तर त्यांनी जांभई दिली. त्याच्या खिशाचं बटण कसं होतं, यावर मात्र चहा गार होईपर्यंत बोलले.

त्यांच्याकडे जांभळ्या उजेडाची एक बॅटरी आहे. त्या उजेडात जुना धागा मुकाट राहतो, हल्लीचा निळा चमकतो. चमकला की कपडा नकली, खलास. मस्कतमधल्या चार-पाच हौशी मंडळींत सबनीसांचा शब्द म्हणजे वेदवाक्य. वादी कबीर भागातल्या कौशिकने गेल्या वर्षी मोठ्या आशेने एक कोट आणला होता. सबनीसांनी बॅटरी मारली आणि म्हणाले, "हा वयाने तुझ्याहून लहान आहे रे." पोरगं चहा न घेताच गेलं.

मग यांचा स्वतःचा शर्ट आला. तपकिरी, कॉलरच्या आत शाईने मालकाचं नाव. बाथरूममध्ये अंधार करून तपासला, धागा मुकाट! सबनीस नाचायचेच बाकी होते.

"किशोरी, अस्सल आहे! हा घालून त्याने माणसं मारली असणार!"

"आणि हा आपल्या कपाटात?" किशोरीवहिनींनी विचारलं.

"मग कुठे?" सबनीस म्हणाले आणि त्यांनी शुक्रवारी सकाळी सगळ्यांना बोलावलं. कौशिकला तर मुद्दाम. इतक्या वर्षांची अब्रू त्या शर्टावर लावली होती त्यांनी. मलाही आमंत्रण होतं. मी पोह्यांसाठी गेलो, खोटं कशाला बोलू?

पडदे ओढले. बॅटरी कौशिकच्याच हातात दिली. त्याने बटण दाबलं आणि शर्ट गणपतीच्या मखरासारखा झगमगला.

कौशिकने शांतपणे दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले. सबनीसांचा चेहरा मात्र मला बघवेना. टवाळी करायची ठरवून गेलेला मी, पण वाईट वाटलं.

"अहो, मी धुतलाय तो," दारातून वहिनी म्हणाल्या. "चांगला दिवसभर पावडरीत भिजवून."

पावडरीत चमक आणणारं काहीतरी घातलेलं असतं, त्याने जुना धागासुद्धा उजळतो, हे सबनीसांइतकं कुणाला ठाऊक?

"किशोरी, खरा होता गं तो!"

"म्हणून तर धुतला. मेल्या माणसाचा कपडा आपण तसाच घरात घेतो का? आणि हा मेला तर माणसं मारून आलेला. नकली असता तर हातही लावला नसता." वहिनींनी पदर खोचला. "कपाटात अजून अकरा आहेत. तेही खरेच ना?"

सबनीसांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा कौशिककडे.

"नाही गं," ते म्हणाले. "सगळे नकली आहेत."